भुरकीचा आवाज

३ जून
आलो एकदाचे! घर घड्याळांच्या दुकानावर आहे. दोन खोल्या आणि एक लांबुडकी गच्ची. खालची सगळी घड्याळं मिळून ठोके द्यायला लागली की ठकी टाळ्या पिटते. सामानाची खोकी उघडायच्या आधी नवऱ्याने टीव्ही जोडून दिला, कारण आमच्या या लेकीचं भुरकीशिवाय पान हलत नाही. भुरकी म्हणजे खारीचं आगाऊ पिल्लू. दर सुट्टीत टीव्हीवर तिचा एक नवा कार्टूनपट येतो आणि घरोघरची पोरं जेवायचं विसरतात. येणाऱ्या कार्टूनपटात त्या भुरकीचा आवाज माझा! आधी ज्या ताई करायच्या त्यांनी काम सोडलं. बोलणंच सोडलंय म्हणे.
ठकीला भुरकीच्या आवाजात हाक मारून दाखवली. तिने मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाली, "ही खोटी आहे." नवरा पोट धरधरून हसला. मीही हसले.

७ जून
स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली खोली. मध्ये माईक, समोर काच, काचेपलीकडे रेकॉर्डिस्टकाका. पडद्यावर भुरकीचे ओठ हलतात, त्यात माझे शब्द नेमके बसवायचे. आज एकाच ओळीत सकाळ गेली. काका माणूस भला, पण तोंडात सारखं तेच. ताई हे वाक्य हसत घ्यायच्या. ताईंचा श्वास ऐकूच यायचा नाही. ताई असत्या तर एव्हाना आपला चहा होऊन गेला असता. शेवटी नमुना म्हणून त्यांची जुनी ओळ ऐकवली. काय आवाज! ओलं बोट काचेच्या पेल्याच्या कडेवरून फिरवावं तसा. माझा नुसता जळफळाट झाला.
घरी आले तर ठकी तोच आवाज ऐकत टीव्हीला गाल चिकटवून बसलेली. मला तिने कधी असा गाल चिकटवलाय?

१२ जून
ताईंकडे जाऊन आले. सगळ्यांना सांगितलं की शिकायला जाते. खरं तर बघायचं होतं, एवढं काय आहे त्या बाईत. काही नाही! किरकोळ अंगाची, विटलेला गाऊन घातलेली बाई, कुंड्यांना पाणी घालत होती. मीच बोलत राहिले. निघताना न राहवून म्हणाले, मला तुमच्यासारखा आवाज नकोय, तुमचाच हवाय. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझ्या तोंडावर हात दाबला आणि जोरजोरात मान हलवली. हात बर्फासारखा. मनात म्हटलं, जळतेय! स्वतःला जमत नाही म्हणून दुसरीलाही मिळू नये. पण घरी पोचेपर्यंत जळत होते ती मीच.

१४ जून
मिळाला! आज स्टुडिओत पहिल्याच टेकला घशात काहीतरी गुदगुल्या करत वर चढलं आणि आवाज आला. तोच, अगदी तोच. काकांनी हेडफोन काढून माझ्याकडे नुसतं पाहिलं. दिग्दर्शक धावत आत आला. घरी दार उघडताच त्या आवाजात ठकीला हाक मारली, तर पोरीने अशी मिठी मारली की आजवर कधी मारली नव्हती.

१९ जून
ठकीला आता भुरकीच लागते. माझ्या आवाजात बोलले की कान झाकते. केस भुरकीने विंचरायचे, दूध भुरकीने पाजायचं. नवऱ्याला गंमत वाटते. तोही मध्येच फर्माईश करतो, जरा तिला बोलव ना. हात माझे, मांडी माझी, आणि लाड तिचे. स्वतःच्याच घशाचा हेवा करणारी बाई कुणी पाहिली आहे का?

२३ जून
आवाज परत जात नाही. भाजीवाल्याशी बोलले, तो खदखदून हसला. आईला फोन केला. तिने विचारलं, बाळ, आई कुठे आहे तुझी?

२५ जून
जेवताना मीठ मागायला तोंड उघडलं. बाहेर पडलं ते असं: "आई नकोच ना आपल्याला. आपण तिघंच राहू."
मी म्हटलं नाही हे. मी म्हटलं नाही! ठकी हसून लोळली. नवराही हसला.
मला आता कळलं, ताई गप्प का असतात. मीही गप्प.

२७ जून
फोन. जाडसर, शांत आवाजाची कोणी बाई. ताई! मला आवाज मिळाला त्याच सकाळी त्यांचा स्वतःचा परत आला. हसत होत्या, रडत होत्या. म्हणाल्या, जिला आपला मनापासून हेवा वाटतो तिच्याकडे भुरकी जाते. त्यांनीही कुणाचा तरी केला होता. मला बोलायची चोरी, म्हणून त्याच बोलत राहिल्या. "तू आलीस तेव्हा कागदावर लिहून सांगता आलं असतं गं. पण मला सुटायचं होतं."

२९ जून
मी बोलत नाही म्हणून ठकी रुसली आहे. माझ्या गळ्याकडे टक लावून बघते. डोळे असे की —
ही नजर मला ठाऊक आहे.
विचारत होती, भुरकी तुलाच का? मला का नाही?

३० जून
टीव्ही बंद केला. तोंडावर रुमाल बांधला. नवरा म्हणतो डॉक्टर — त्याला कसं सांगू —
ठकी न्हाणीघरात कडी लावून बोलण्याचा सराव करते. अजून जमत नाही तिला. अजून नाही.
तिने हेवा करू नये, देवा, एवढंच —

१ जुलै
सकाळी खोकले. खोकला माझा होता!
माझं नाव घेतलं. माझाच आवाज. घोगरा, साधा, माझा.
मग ती गेली कुणाकडे —
आतल्या खोलीत ठकी उठली आहे. हाक मारली. ओ आली नाही. पुन्हा मारली. कॉटवरून उतरल्याची चाहूल. दाराशी आली आहे, मला दिसतेय, ओठ मिटून उभी. हसतेय. ठकी, बोलू नकोस, बाळा, ओठ उघडू —