चिंचेने घासलेली गिटार

बाबा, तुम्ही गेल्यावर सगळ्यांनी तुमच्याबद्दल चांगलंच बोलायचं ठरवलं. मी त्यात नव्हते, आजही नाही. आज तुमची गिटार साफ करायला काढली आहे. दांडीच्या लाकडात तुम्ही भरलेलं कुंकू अजून निघत नाही, म्हणून लिहायला बसले.

तुमचा महाडातला मांडव-लाउडस्पीकरचा धंदा आणि लग्नसराईतला ऑर्केस्ट्रा, दोन्ही तेव्हा जोरात होते. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते. इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे ते चाचा, मोहल्ल्यातले. त्यांच्याच भावाने ती तुमच्यासाठी कुवेतहून आणली होती. दुधी रंगाची, काचेसारखी गुळगुळीत. खंडेनवमीला तबला-पेटीच्या रांगेत तीही पाटावर बसायची. त्या वर्षी तुमच्या मनात आलं की देवाची भांडी चिंचेने लखलखतात, तर हिच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या का नाही? मी नको म्हटलं. तुम्ही ऐकलं नाही. चिंच-मिठाने घासलीत, नळाखाली धरलीत, वरून खोबरेल चोळलंत आणि ओल्या लाकडावर हळद-कुंकू वाहिलंत. दोन दिवसांत पट्ट्यांच्या कडेला हिरवं चढलं, लाकूड पांढरट पडलं, दुधी अंगावर हळदीची बोटं उमटली. ऑर्केस्ट्राची माणसं तालमीला जमली तेव्हा तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. "कॉलेजात घातली आहे, पण साधी वस्तू पुसता येत नाही." सगळे हसले. फक्त चाचा हसले नाहीत, कारण चिंच कोळताना त्यांनी तुम्हाला पाहिलं होतं.

मग ते काम कायमचं माझ्या गळ्यात पडलं. मी मागच्या पडवीत बसायची. तारा उतरवायची. लाकूड चिकटपट्टीने झाकायची, पट्ट्या तेवढ्या उघड्या ठेवायची. तारांखालची लोहचुंबकंही झाकायची, नाहीतर घासणीचा लोखंडी भुसा त्यांना जाऊन चिकटायचा. बारीक घासणीने एकेक पट्टी हलक्या हाताने घासायची, लाकडाला जवसाच्या तेलाचे दोनच थेंब लावून लगेच कोरडं पुसायचं, अंगाला फक्त मऊ धोतराचा तुकडा. पावसाळ्यात आपल्याकडे चपलेलाही बुरशी येते, त्यामुळे हे वरचेवर करावं लागे. आणि तारा परत चढवल्या की सूर लावावाच लागतो. इलेक्ट्रिक गिटार आवाज वाढवणाऱ्या मशिनला जोडली नाही तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. तुम्ही पुढच्या दुकानातून विचारायचात, झाली का पुसून? मी सांगायची, होत आली. तुमच्या नाकाखाली मी तुमच्या ऑर्केस्ट्राची सगळी गाणी बसवली.

चाचांना कुवेतचा व्हिसा आला. निरोप घ्यायला आले तेव्हा त्यांनी गिटार मशिनला जोडली, माझ्या हातात दिली आणि मला वाजवायला लावलं. मी वाजवलं. तुम्ही हातातला चहा खाली ठेवलात, म्हणजे ऐकलंत. ऐकलंच नाही असं तुम्हाला म्हणता येणार नाही.

"शेठ, पोरीचा हात बसलाय," चाचा म्हणाले. "दुसरा कोण शोधायची गरज नाय. पोलादपूरच्या लग्नाला हिलाच उभी करा."

मी तुमच्याकडे बघत उभी. आयुष्यात तुमच्याकडे तेवढं एकच मागत होते, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

"ती पुसते चांगली," तुम्ही म्हणालात. "तेवढं तिने करावं. वाजवणारा मी बघतो."

तुम्ही चिपळूणहून एक वाजवणारा आणलात. त्याला सूर लावायचा कंटाळा. कार्यक्रमाआधी तो गिटार आत पाठवायचा, मी लावून बाहेर द्यायची. पोलादपूरच्या लग्नात मी बायकांमध्ये बसून त्याच्या चुका मोजल्या. तुम्ही माइकवरून त्याच्या तयार हाताचं कौतुक केलंत. तुमचा कान चांगला होता, बाबा. तुम्हाला कळत होतं. न कळणाऱ्या माणसाला मी केव्हाच माफ केलं असतं.

तुमच्या मागे मांडवाचं सामान विकलं. गिटार कोणाला नको होती, मी उचलून आणली. लोक म्हणतात तेव्हाचा काळच तसा होता. काळाने चिंच कोळली नव्हती, आणि काळाने मला नाही म्हटलं नव्हतं. ते तुम्ही केलंत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे एक लिहून ठेवायला हरकत नाही. मी आता मशिन लावून वाजवते, आवाज मोठा ठेवून. परवा शेजारच्या वहिनी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, तुमच्याकडे कोण हो वाजवतं इतकं छान? मी पटकन सांगितलं, भाचा आलाय.

मला भाचा नाही.