देवघराशेजारच्या बाटल्या

१३ सप्टेंबर, शनिवार

काल सकाळी अंघोळ झाल्याबरोबर, चहासुद्धा न घेता, गाळ्यातले गॅसचे सगळे सिलिंडर, आमच्या बोलण्यात बाटल्या, एकेक करून वर घरी आणले आणि देवघराशेजारी उभे केले. पाऊस उघडला आहे. गाळ्याच्या मागच्या भागावर, जिथे बाटल्या ठेवतो, नुसता पत्रा; दुपारी असा तापतो की खाली उभं राहवत नाही. बाटली तापली की आतला दाब चढत जातो. हाताला नुसती ऊब लागते, गेजचा काटा मात्र कुठल्या कुठे गेलेला असतो! गाळ्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत सगळ्यात थंड कोपरा देवाचा. म्हणून तिथे.

फ्रिज-एसीच्या या धंद्यात पडल्यापासून आमच्याकडे एक रीत आहे. नवी बाटली आली की सुवर्णा तिला हळदकुंकू लावते, एक दिवस देवापुढे ठेवते, मगच ती कामाला लागते. आता सगळ्याच देवापुढे.

"बरा शेजार दिलात देवाला," सुवर्णा म्हणाली. "आता आरतीला टाळ्या वाजवायला शिकवा त्यांना!"

पूजेला बसलो तेव्हा दगडी फरशी पायाला गार लागत होती. मन निवांत झालं.

१५ सप्टेंबर, सोमवार

आईचा फोन—"यंदा घट तुझ्याकडं बसवते."

माझा विश्वास बसेना. कळवणच्या पलीकडे, गावात ती एकटी राहते. आप्पा गेल्यापासून सांगतोय, नाशिकला ये. कधी ऐकलं नाही. आज स्वतःहून म्हणाली. वर हेही—"करमलं तर राहीन. नाय करमलं तर दसऱ्याचं सोनं वाटून माघारी."

म्हणजे नवरात्र ही परीक्षा. तिची नाही, आमची!

१८ सप्टेंबर, गुरुवार

घट म्हणजे अखंड दिवा. तोही देवाच्याच कोपऱ्यात.

बाटल्यांतले बहुतेक गॅस जळत नाहीत. पण त्यातल्या दोन नव्या फ्रिजच्या गॅसच्या आहेत. तो जळतो. स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ, फक्त त्याला वास नाही. गळला तर नाकाला पत्ता लागायचा नाही. सुवर्णाला फार पूर्वी मी सांगितलं होतं, "आपला गॅस जळत नाही." तेव्हा ते खरं होतं. नवा गॅस नंतर आला. मी पुन्हा काही बोललो नाही. आता सांगावं तर आईच्या कानावर जाणार, आणि आई घराच्या उंबऱ्यावरूनच परत फिरणार.

घरमालक गोटीरामला जागा विचारली. तो म्हणाला, "तळघरात ठेव की वाळूभाऊ! थंडगार आहे, कुलूप आहे."

मी म्हटलं, "हा गॅस हवेपेक्षा जड. तळघरात गळला तर पाण्यासारखा तळाला साचून राहील. तिथे उभी स्कूटर कोणी चालू केली की संपलं."

"मग पाण्यासारखा बादलीनं उपसून टाक!" असं म्हणून स्वतःच पोट धरून हसत बसला.

२१ सप्टेंबर, रविवार

आई आली! पिशवीत कपडे कमी, शेतातली काळी माती जास्त. "इथली माती कशी असंल काय ठावं," म्हणते. घटासाठी गहूही घरचेच.

बाटल्यांकडे बघून म्हणाली, "ह्या कोण?"

मी म्हटलं, "पोटापाण्याच्या."

तिने त्यांनाही हात जोडले. मला खाली बघावं लागलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. दिवा लागला. आईचा आवाज आरतीत अजून खणखणीत आहे.

जळणाऱ्या दोन बाटल्या पहाटेच गॅलरीत नेऊन ठेवल्या. बाकीच्या आत.

२४ सप्टेंबर, बुधवार

गॅलरीत दुपारनंतर ऊन येतं. म्हणून त्या दोघींना सकाळी गॅलरीत, दुपारी जिन्यात, संध्याकाळी परत गॅलरीत. कामावरून मधेच घरी यायचं. आई बघत असते.

"मांजरी पिलं घिऊन हिंडती तसा काय हिंडतो रे?"

सुवर्णा म्हणाली, "आई, आमच्याकडे फ्रिजवाल्या बायका जेवढं फ्रिजला जपत नाहीत तेवढं हे बाटल्यांना जपतात."

दोघी हसल्या. मीही हसलो. तेव्हाच सांगायला हवं होतं. घटात गव्हाचे कोंब वर आलेत, आई सारखी वाकून बघते, शेजारणींना बोलावून दाखवते. तिला करमतंय. इतक्या चांगल्या चाललेल्यात कशाला—असं वाटतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज दुपारी एका हॉस्टेलच्या फ्रिजवर अडकलो. घरी यायला उशीर झाला. जिना चढताना गॅलरीत पाहिलं—बाटल्या नाहीत!

आत गेलो. दोन्ही बाटल्या घटाच्या पाटाशेजारी. एक उभी, एक आडवी. हातभर अंतरावर दिवा.

सुवर्णा आतून म्हणाली, "ऊन आलं होतं, मीच आणल्या. उन्हात ठेवायच्या नाहीत म्हणता ना? एक हातातून निसटून जरा आपटली."

आडव्या बाटलीच्या व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा फुगला. फुटला. दुसरा फुगायला लागला.

मी दिवा विझवला. आईचा अखंड दिवा—दोन बोटांनी, वातीवर. मग व्हॉल्व्ह आवळला, खिडक्या उघडल्या, "कुणी बटणाला हात लावू नका!" म्हणून ओरडलो, बाटल्या खाली मोकळ्यावर नेल्या.

वर आलो तेव्हा आई घटापुढे बसली होती. विझलेल्या वातीकडे बघत. मी सगळं सांगितलं. कोणता गॅस, का जळतो, कधीपासून गप्प होतो.

सुवर्णा एवढंच म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी तिला हात लावला असता का?" आणि रडायला लागली.

आईने उघड्या खिडकीकडे पाहिलं. मग विचारलं, "आता वारं खेळलं का घरात?"

"खेळलं."

तिने नवी वात वळली, दिवा लावला. देवीला काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. ओठ हलत होते.

बोटं भाजली आहेत. त्याचं काही नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

सगळ्याच बाटल्या परत गाळ्यात. पत्र्यावर ओली गोणपाटं टाकली. तासातासाने बाटल्यांना हात लावून बघतो, आजाऱ्याचं कपाळ बघावं तसा.

आई माझ्याशी बोलते. पण जपून.

३० सप्टेंबर, मंगळवार

जेवताना आई म्हणाली, "दसरा झाला की मी जाते."

मी घास ताटात ठेवला. "दिव्याचा राग आला ना आई?"

"राग? यड्या, दिवा इझवला म्हणून तर समदे जेवाया बसलोय." मग भाकरी मोडत म्हणाली, "दोन खोल्यात तुझ्या बाटल्या मावना, मी कुठं मावू? माझ्यापायी तू गप बसला. उद्या आणिक कशापायी गप बसशील. त्यापरीस मलाबी नि त्यांलाबी गावाला धाड. गोठा रिकामाच हाय. वर कौलं, समोर मोकळं, वारंच वारं. ठेव तिथं तुझ्या लेकी."

मी हसलो. सुवर्णा हसली नाही. हात धुऊन आली आणि म्हणाली, "उन्हाळ्यात तुम्हाला सगळ्यात जास्त फोन कुठून येतात? कळवणच्या दूध केंद्रांतून ना? तिथले कुलर बंद पडले की तुम्हीच धावता. आणि माझी शिलाई मशीन काय, कुठेही चालते."

ताटं तशीच वाळली.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

गव्हाचे तुरे आईने माझ्या टोपीत खोवले. सुवर्णाच्या वेणीत खोवले. एक तुरा बाटल्यांना म्हणून मागे ठेवला.

४ ऑक्टोबर, शनिवार

आईला गाडीत बसवून आलो. खिडकीतून म्हणाली, "गोठा झाडून ठिवू का?"

मी म्हटलं, "बघतो."

९ ऑक्टोबर, गुरुवार

अजून बघतोच आहे. सकाळी पूजेत मन लागलं नाही. घाबरतोय कशाला? गिऱ्हाइकं जातील म्हणून? की लोक म्हणतील, हा शहरात टिकला नाही? प्रश्न एवढाच आहे हे कळलं, आणि हलकं वाटलं. आईला फोन केला—"गोठा झाडून ठेव."

१९ ऑक्टोबर, रविवार

गोटीरामचा गाळा सोडला, वरच्या खोल्याही. बाटल्या गोठ्यात उभ्या आहेत, व्हॉल्व्हवर टोप्या घालून, दाव्याच्या खुंट्यांना साखळीने बांधून. सुवर्णाची मशीन ओट्यावर. आई आमच्याकडे राहायला येणार होती. आम्हीच तिच्याकडे आलो.