सासूबाईंचा पाचवा दिवस

नाशिक, मंगळवार, संध्याकाळ

लिही सोनल, माझ्याच शब्दांत लिही. नातसून आहेस, मास्तरीण होऊ नकोस.

आज तुझ्यासोबत गंगापूर रोडला डॉक्टरीणबाईंकडे आले. त्या तुला सांगत होत्या, "पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी बीज सुटतं. तो दिवस आणि त्याआधीचे चार-पाच, तेव्हाच दिवस राहायची शक्यता जास्त. पाळी संपल्या संपल्या फार कमी."

मी बसल्या जागी बोटांवर माझे जुने दिवस मोजू लागले. तेव्हा हे वणीला दुकान सांभाळायचे, मी गावी सासूबाईंजवळ. पाळीच्या पाचव्या दिवशी मी न्हाले की सासूबाई ह्यांना बोलावणं धाडायच्या. एक रात्र राहून हे परत. रानाला वाफसा आहे का ते न बघताच पेरणी! दर महिन्याला पाचवाच दिवस. आणि वांझ कोण? तर मी. बारशालासुद्धा कुणी बोलवीना.

मग सवत आणली. तेव्हा मात्र हे दुकान विकून घरीच राहिले. वर्षात पाळणा हलला. तुझा नवरा तिचाच नातू.

तू विचारतेस, "आजी, म्हणजे दोष तुमच्यात नव्हताच?"

कुणास ठाऊक गं. असेलही, नसेलही. पण पाचवाच दिवस! आता भांडू कुणाशी? वांझ म्हणणाऱ्या सगळ्यांच्या श्राद्धाचे वडे मीच तळलेत.