मागचा पडदा

दादा,

'प्रिय' लिहायला हात वळेना, म्हणून नुसतंच दादा.

क्लासच्या सरांनी काय केलं, ते माझ्या लेकीनं पोलिसांच्याही आधी तुला सांगितलं. तू मामा, वर पेपरवाला. बातमी छापून आल्यावर तू फोनवर म्हणालास, "नाव दिलेलं नाही, चेहरा धूसर केलाय. सगळं कायद्यात बसतं."

बसत असेल. पण फोटो तू आमच्याच खोलीत काढलास, आणि तिच्या मागे मी उरलेल्या तुकड्यांचा शिवलेला पडदा होता. माझ्याकडे शिवायला टाकणाऱ्या प्रत्येक बाईनं त्यात आपल्या ब्लाउजचा नाहीतर पोरीच्या फ्रॉकचा तुकडा ओळखला. आता त्या माप देता देता माझ्या खांद्यावरून आत डोकावतात.

पडदा मी उतरवला. तरी खिडकीकडे पाहिलं की तो तिथंच हलताना दिसतो.

लेक शिवण उसवायचं ब्लेड घेऊन आत बसते. खर्र खर्र आवाज येतो. मशीन थांबवलं तरी कानातून जात नाही. मला वाटायचं, काहीतरी उसवत असेल.

हे पत्र मी टाकणार नाही. तुझ्या हाती कागद द्यायची धास्ती वाटते, तोही छापशील.

आज अल्बम उघडला. प्रत्येक फोटोतला स्वतःचा चेहरा तिनं खरवडून टाकलाय. तुझ्या कडेवर बसून हसत होती ना, त्या फोटोतलाही.

तुझा मात्र तिनं जसाच्या तसा ठेवलाय.

तुझी धाकटी