गिअरबॉक्सचं कण्हणं

३ मार्च, मंगळवार

बोटीचा गिअरबॉक्स कण्हतोय म्हणून मी पुन्हा सांगितलं. कप्तान पुन्हा म्हणाले, "मला काही ऐकू येत नाही." त्यांना ऐकू येत नाही हे मला लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून माहीत आहे.

कप्तान म्हणजे आमचे हे. जहाज वगैरे नाही. तळ्यात फिरायची हौसेची बोट, पाच-सहा माणसांची, इंजिन मागच्या बाकाखाली. निवृत्तीनंतर घेतली. दर रविवारी आम्ही दोघं जातो. ते चालवतात, मी पुढे बसून चुका काढते.

ही रोजनिशी सून लिहून घेते. मला लिहिता येत नाही, बोलता येतं. करार असा – मी सांगेन ते जसंच्या तसं लिहायचं, मध्ये बोलायचं नाही. आत्ता हसली. हसणं करारात नव्हतं, तेही लिही.

आवाज बारीक आहे. शिट्टी आणि कण्हणं यांच्या मधला. इंजिन बंद केल्यावरही रेंगाळतो. कप्तान म्हणतात, "बंद यंत्र कसं कण्हेल?" मी म्हटलं, तुमचा गुडघा बसल्यावर दुखायचा थांबतो का?

५ मार्च, गुरुवार

विचारलं, तेल कधी बदललंत? "दर वर्षी बदलतो." ते इंजिनचं. गिअरबॉक्सचं? – कप्तानांनी छताकडे बघितलं. म्हणजे बोट घेतल्यापासून नाही. त्याचं तेल वेगळं असतं हे मला माहीत, आणि बोट यांच्या नावावर.

८ मार्च, रविवार

बदललं एकदाचं. सांगते.

आधी इंजिन थोडं चालवायचं, म्हणजे तेल गरम होऊन पातळ होतं. इथवर ठीक. मग बंद करून खालचं बूच काढायला कप्तान बाकाखाली घुसले. अर्धे आत, अर्धे बाहेर. हात पोचेना. बोट बनवणाऱ्याने ते बूच अशा ठिकाणी ठेवलंय की काढायला उंदीर नोकरीला ठेवावा लागेल. मी म्हटलं, वरून तेल मोजायची काठी जाते ना, त्याच भोकातून नळी घाला आणि पंपाने ओढा. "मला शिकवू नकोस." अर्ध्या तासाने त्याच भोकातून नळी घातली.

टॉर्च माझ्याकडे. "इकडे धर." धरला. "इकडे म्हणजे तिकडे." धरला. "माझ्या डोळ्यांत नको!" मग डोळे तिकडे कशाला ठेवलेत?

तेल काळं निघालं. जळकट वास. कप्तान काही बोलले नाहीत. मीही नाही – पण न बोलणं त्यांना ऐकू जाईल इतकं जोरात केलं.

नवं तेल लाल, सरबतासारखं. जेवढं काढलं तेवढंच भरायचं, तर यांनी काढलेलं मोजायच्या आत सांडलं. माझ्या शालीवर. मग अंदाजाने भरलं, काठी बुडवली, जास्त झालं, पुन्हा ओढलं, कमी झालं, पुन्हा भरलं. शेवटी इंजिन चालू करून गिअर पुढे, गिअर मागे, बंद, पुन्हा काठी. बरोबर खुणेवर आलं. कप्तानांनी काठी मला अशी दाखवली, जणू परीक्षेत पहिले आले.

"आता आवाज?" म्हणाले. दमले होते. मी म्हटलं, पुढच्या रविवारी बघू.

९ मार्च, सोमवार

कप्तानांची कंबर धरली. आता हे कण्हतायत. हा आवाज सगळ्यांना येतो.

१५ मार्च, रविवार

आवाज आहे! तसाच. तळ्याच्या मधोमध, वारा पडलेला, इंजिन बंद करून जेवणाचा डबा उघडला, तर चीं... चीं... चालूच. सून बरोबर होती. करार मोडून म्हणाली, "आई, मला नाही येत हो आवाज." ही दिवसभर कानात बोंडं खुपसून गाणी ऐकते, हिला काय ऐकू येणार. लिही, लिही. बोंडं असंच लिही.

मी सांगून टाकलं – आवाज जाईपर्यंत मी या बोटीत पाय ठेवणार नाही. भर पाण्यात गिअरबॉक्स बसला तर वल्हं कोण मारणार, यांची कंबर?

कप्तान हसले नाहीत. परत येईपर्यंत टोपी नीट करत राहिले.

१७ मार्च, मंगळवार

मिस्त्रीला बोलावलं. त्याने लांब पेचकस गिअरबॉक्सवर टेकवला, मूठ कानाला लावली आणि इंजिन चालू करायला सांगितलं. डॉक्टरसारखा. बराच वेळ ऐकलं. म्हणाला, "आजी, लोण्यासारखा चालतोय. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जगेल."

मी म्हटलं, तेल बघ. त्याने थोडं काढून पांढऱ्या कागदावर टाकलं. लाल, स्वच्छ. बोटांत चोळून दाखवलं – धातूचा कण नाही. "पाणी शिरलं असतं तर दुधाच्या चहासारखं दिसलं असतं." तरी बदल, म्हटलं. "आजी, चांगलं तेल फेकायला सांगणारं तुम्ही पहिलंच गिऱ्हाईक." तेवढ्यात कप्तान म्हणाले, "बदल रे. ती म्हणतेय ना." आणि स्वतः टॉर्च धरून बसले, कंबर धरलेली असताना.

बदललं. मी धक्क्यावर उभी राहून ऐकलं. आहेच. जन्मभर इंजिनांत राहून मिस्त्रीचेही कान गेलेत. या गावात धड कान एकाच बाईला दिलेत आणि तिचं कोणी ऐकत नाही.

१८ मार्च, बुधवार

नवा फ्रीजसुद्धा कण्हतो. मुलाला म्हटलं, घरात एक वस्तू धड आणली नाहीस. तो म्हणाला, "एक आणली, ती तुझी रोजनिशी लिहितेय." सुनेने हे दोनदा वाचून दाखवलं.

२२ मार्च, रविवार

गेलो नाही. कप्तान सकाळी टोपी घालून खिडकीत बसले. म्हटलं, जा ना एकटे, मी कुठे अडवलंय? "चुका कोण काढणार?" म्हणाले. दुपारी टोपी खुंटीला गेली.

मुलगा म्हणाला, "बाबा, आई बसणार नसेल तर बोट ठेवायची कशाला? गिऱ्हाईक आहे एक. विकून मोकळे व्हा." मला वाटलं, कप्तान आता भांडतील. मी भांडणाच्या तयारीने भांडी आवाज करत लावली. हे खुंटीवरच्या टोपीकडे बघत बसले.

२४ मार्च, मंगळवार

आज जेवताना कप्तान म्हणाले, "येतो मला आवाज."

मी विचारलं, कसला?

"गिअरबॉक्सचा. तू म्हणतेस तसाच, बारीक. तूच बरोबर होतीस. विकून टाकू."

इतक्या वर्षांत 'तूच बरोबर' पहिल्यांदा मिळालं. तारीख मोठ्या अक्षरात काढ म्हटलं सुनेला. जिंकलं की दोन घास जास्त जातात म्हणे. मला भातसुद्धा संपवता आला नाही.

गिऱ्हाईक शुक्रवारी येणार. कप्तानांनी चावी पुसून माझ्यासमोर ठेवली.

२६ मार्च, गुरुवार

दुपारी वीज गेली. सून बाजारात, मुलगा कामावर, कप्तान आत झोपलेले. पंखा थांबला. फ्रीज थांबला. बोट तिकडे धक्क्याला, चावी माझ्या मुठीत. घर असं गप्प की घड्याळाचा काटा ऐकू यावा. तो नाही ऐकू आला.

चीं... चालूच होतं. मी एक कान दाबला. दोन्ही दाबले. वाढलं.

सुने, हे सगळं लिहून झालं की नवऱ्याला फोन लाव. गिऱ्हाईकाला नको म्हणावं. आणि कानाच्या डॉक्टरची वेळ घे, माझ्या नावाने. रडू नकोस, शाई पसरेल.

कप्तानांना मी सांगते. ओरडून सांगायला लागणार नाही. त्यांना सगळं नीट ऐकू येतं.