वेल्डवरचा चुना

आप्पा, आज तुमच्यावर भयंकर चिडले होते, म्हणून लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सातपूरच्या आपल्या वर्कशॉपमधून तुम्ही काही हलायला तयार नाही. सिलिंडर आपण अजून तेच बनवतो, टिपरची ट्रॉली तेलाच्या दाबानं उचलणारे आणि दाबानंच खाली घेणारे. दोन्हीकडून दाब. माझंही तेच चाललंय, इकडून गिऱ्हाईक, तिकडून कामगार. हसू नका.

तुमची चुन्याची डबी आठवते. तंबाखू सुटली, डबी खिशातच राहिली. सिलिंडर टेस्टिंगला लावला की नळीच्या बुडाशी जो वेल्ड असतो, त्यावर तुम्ही बोटानं चुना फासायचात आणि तो वाळेपर्यंत चहा प्यायचात. मग दाब द्यायचा. वेल्डला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी चुन्यावर तेलाचा डाग उमटतो. एकदा मी म्हटलं, "आप्पा, गेजचा काटा जागेवर आहे, जाऊ द्या ना." केवढ्यानं ओरडलात! "काट्याखाली कोणी उभं राहत नाही. ट्रॉलीखाली माणूस जातो, ग्रीस मारायला!" सगळ्या कामगारांसमोर. मी मोरीत जाऊन रडले. संध्याकाळी तुम्ही माझ्यापुढे मिसळ आणून ठेवलीत. रागारागात सगळी खाल्ली मी.

आज शेवटच्या सिलिंडरवर डाग आला. मोहरीएवढा. टेम्पो दारात, ड्रायव्हरचा हॉर्न थांबेना, गिऱ्हाइकाचे फोनवर फोन. वेल्डर म्हणाला, "ताई, काटा हाललाबी नाय. कशाला लय ताणता?" सकाळपासून लाइटीचा खेळखंडोबा, माझे पाय सुजलेले. मी फडक्यानं चुना पुसला आणि म्हटलं, भरा. टेम्पो गेला. जेवायला डबा उघडला आणि तसाच झाकला. शेवटी ड्रायव्हरला फोन लावला. तो नाशिक रोडला पोचला होता. "ताई, डोकं फिरलंय का तुमचं?" म्हणाला, पण आला बिचारा. वेल्ड घासून काढला, नव्यानं मारला, पुन्हा चुना फासला. या वेळी कोरडा राहिला. गिऱ्हाईक म्हणालं, पुढचं काम दुसरीकडे देतो. दे बाबा, दे.

वेल्डर सगळ्यांना सांगत होता, ताईंना माणसांची लय काळजी. खरं सांगू? ट्रॉलीखालचा माणूस माझ्या डोळ्यांपुढे आलाच नाही. तुम्ही आलात, हातात डबी घेऊन, आणि माझे केस पिकलेत तरी मी घाबरले. या भीतीचाच आता कंटाळा आलाय, आप्पा. फार दमले मी. हे पाठवायचं तरी कुठे? राहू दे इथेच, टेबलाच्या खणात. आजचा ओरडा माझी मीच खाल्ला. मिसळ आणून ठेवायला मात्र कुणी नव्हतं.