माझ्या रक्ताला आठवतं

प्रणिताच्या आजोबांना दंडवत,

चष्मा कपाळावर असंल, तिथं बघा. दिवाळीला येतो म्हणाला होता तुम्ही, तेही तिथंच कुठं सापडतंय का बघा. सांगतेय मी, लिहितेय नात.

प्रणिताच्या औरंगपुऱ्यातल्या खोलीत मी मजेत हाय. पोरगी हिवताप आणि एचआयव्ही दोन्ही झालेल्यांचं रक्त तपासते. त्यातल्या पांढऱ्या पेशी काढून उबेत ठेवायच्या, हिवतापाचे मेलेले जंतू दाखवायचे आणि लढायला किती उठतात ते मोजायचं. एचआयव्हीवाल्यांच्या लई कमी उठतात म्हणं. हातमोजे दोन-दोन घालते म्हणते, मी काय बघायला गेले नाय.

रोग्यांचं रक्त वाया जाऊ नाय म्हणून आधी तिनं माझ्या रक्तावर हात बसवला. माझ्या पेशी भराभर उठल्या. लग्नाच्या साली आलेला हिवताप त्या अजून ओळखतात. तवा उशाशी बसून तुम्ही गुठळ्या झालेल्या कण्या भरवल्या होत्या, आठवतं का?

पोरीला एकटं टाकून मला निघवत नाय. तुमचा गुडघा कसा हाय?

ज्वारीच्या कण्या पाठवा, जाड भरडलेल्या. पण कुणाच्या हाती देऊ नका, तुम्हीच घेऊन या.

वाट बघणारी,
सुभद्रा